टिकलीवरचा काटा

मी एक जुनं घड्याळ आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर एक जुना आळ आहे. मी पुढे धावते, असं लोक म्हणतात. सोमवारी बरोबर लावलं तर रविवारपर्यंत कुठल्या कुठे गेलेलं असतं, असं म्हणत बोटाने माझे काटे मागे ढकलतात. शंभर वर्षं मी हे निमूटपणे सोसलं. तोंडावर काच असली की उलट बोलता येत नाही. पण आता तो आळ फिटलाय, आणि कसा फिटला ते तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

डब्लिनच्या ज्या घड्याळजीने मला घडवलं, त्याने दोन घड्याळं एकदम घडवली. मी आणि माझा भाऊ. दोघांना महोगनीची उंच पेटी, दोघांना पितळी चाकं, दोघांच्या पोटात सेकंदासेकंदाला झुलणारा लंबक. फरक एवढाच, की भावाला त्याने सूर्याची वेळ शिकवली आणि मला ताऱ्यांची.

ताऱ्यांची वेळ म्हणजे काय, ते सोपं आहे. पृथ्वी स्वतःभोवती गिरकी घेते आणि त्याच वेळी सूर्याभोवती थोडी पुढे सरकते. त्यामुळे एक गिरकी पूर्ण झाली तरी सूर्य काही समोर येत नाही. त्याच्याकडे तोंड करायला तिला आणखी किंचित वळावं लागतं. तारे मात्र फार लांब. पृथ्वीच्या एवढ्याशा सरकण्याची त्यांना दखलही नसते, ते गिरकी संपताच जागेवर हजर. म्हणून ताऱ्यांचा दिवस सूर्याच्या दिवसापेक्षा चार मिनिटांनी लहान. मी त्या लहान दिवसाने चालते. धावत नाही हो, चालते. माझ्या चालीने.

आम्हा दोघांना देशाच्या वेधशाळेत नेलं. टेकडीवर गोल घुमटाची पांढरी इमारत होती. भावाचा थाट मोठा. त्याची वेळ तारेने शहरात जायची, तिच्यावर आगगाड्या सुटायच्या, बंदरातली जहाजं आपली घड्याळं लावायची. पाहुणे आले की आधी त्याच्यापुढे उभे राहायचे. मला ठेवलं होतं मागच्या थंड खोलीत, मोठ्या दुर्बिणीशेजारी. त्या खोलीच्या छपरात एक लांब फट होती. ती उघडली की आकाश दिसायचं, आणि आयर्लंडचं आकाश म्हणजे बहुतेक वेळा ढग.

एका हिवाळ्यात तिथे एक सडपातळ तरुण आला. अंगावर सैल कोट, डोक्याला दोन मोठाले कान. नाव अँब्रोझ लिनाम. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तारे बघायला आयर्लंडात आलायस? तुला काय ढग मोजायला ठेवलंय?"

"ढग संपेपर्यंत ढग मोजीन," लिनाम म्हणाला. "मग तारे."

पहारेकरी पोट धरून हसला. पण त्या मुलाने पुढची सगळी वर्षं तेच केलं.

त्याचं काम ऐका. दुर्बिणीच्या आत कोळ्याच्या जाळ्यातले बारीक धागे ताणलेले होते. तारा त्या धाग्यांवरून सरकत जायचा. लिनामचा डोळा दुर्बिणीला लागलेला, आणि कान माझ्याकडे. मी टक् टक् करायची आणि तो मनात मोजायचा. तारा धाग्याला कोणत्या ठोक्याला शिवला, ते अंधारातच लिहून घ्यायचा. त्यावरून ताऱ्याची आकाशातली जागा ठरायची. डोळा त्याचा, आवाज माझा. त्याच्याशिवाय मी म्हणजे नुसती टकटक, आणि माझ्याशिवाय तो म्हणजे आकाशाकडे बघत बसलेला एक गारठलेला माणूस.

गारठलेला म्हणजे खरोखर गारठलेला. खोलीत शेकोटी पेटवायची नाही, कारण गरम हवेने तारे थरथरतात. बर्फ पडलं तर लिनाम आपल्या खांद्यावरची घोंगडी काढून माझ्या पेटीला गुंडाळायचा. त्याची बहीण हॅरिएट दारात येऊन ओरडायची.

"अँब्रोझ, घड्याळाला सर्दी होत नाही! ती घोंगडी तू घे."

"याला सर्दी झाली तर सगळं आकाश शिंकेल, हॅरी."

हॅरिएटच दिवसा त्या आकड्यांची गणितं करायची. तो रात्रीचे आकडे आणायचा, ती त्यांचे तारे करायची. भावंडांनी मिळून आकाश विणलं म्हणा ना.

वर्षं गेली. लिनाम मदतनिसाचा मुख्य मदतनीस झाला, मग वेधशाळेचा प्रमुख झाला. दाढी पिकली. लंडनहून त्याला पदक मिळालं, ते घेऊन तो आधी माझ्यासमोर आला. "यात अर्धं तुझं आहे," म्हणाला आणि पदक माझ्या काचेवर हलकेच वाजवलं. माझ्या भावाला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. मी त्या दिवशी भावाचा हेवा सोडला.

त्याची ताऱ्यांची सूची पूर्ण व्हायला आकाशाची एक शेवटची पट्टी उरली होती. त्या पट्टीत लहान लहान ताऱ्यांचा एक दाट झुबका आहे. ओंजळीतून तांदूळ सांडावेत तसा. तुम्ही त्याला कृत्तिका म्हणता. नेमक्या त्याच वेळी लिनामचे कान गेले.

ते मोठाले कान! आधी त्याला वाटलं, मीच हळू बोलते आहे. त्याने माझी पेटी उघडून चाकं पुसली. मग पेटीला कान लावला. मग तळवा. तळव्याला माझा ठोका लागला तेव्हा त्याला कळलं की मी बोलते आहे, त्यालाच ऐकू येत नाही. तो तसाच तळवा टेकवून बराच वेळ उभा राहिला. मला त्या वेळी थांबता आलं असतं तर मी थांबले असते.

तरुण मदतनीस हळहळले, पण मनातून त्यांना हायसंही वाटलं. "सर, आता तारे टिपणाऱ्या फोटोच्या काचा आल्यात," ते मोठ्याने म्हणाले. "कानाने मोजायचे दिवस गेले. राहिलेली पट्टी आम्ही काढू." लिनाम मान हलवत राहिला. तीस वर्षं ज्या हाताने विणलं त्याच हाताने शेवटचा धागा बांधावा, एवढंच त्याला हवं होतं.

डिसेंबरच्या एका संध्याकाळी आभाळ मोकळं झालं. तिकडे डिसेंबरात पाचलाच अंधार होतो. लिनाम सवयीने दुर्बिणीपाशी जाऊन बसला, नुसता बघायला. मागून हॅरिएट आली. तिने त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं आणि माझ्या ठोक्याबरोबर टपटप वाजवायला लागली. टक्, टप. टक्, टप. लिनामने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"पुढे बघ," ती म्हणाली. त्याला ऐकू आलं नसणार, पण कळलं.

त्या हिवाळ्यात कृत्तिका अशा मोजल्या गेल्या, मित्रांनो. माझा आवाज बहिणीच्या बोटातून भावाच्या खांद्यात उतरला, आणि सूची पूर्ण झाली.

निवृत्त होताना लिनामने एक गोष्ट केली. लंबकाच्या तळाशी एक नट असतो. तो फिरवला की लंबक वर-खाली होतो आणि माझी चाल बदलते. त्या नटावर त्याने लाल लाख ओतली, तिच्यावर आपला अंगठा दाबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "याला कुणी दुरुस्त करू नका. हे बिघडलेलं नाही."

पण बहिऱ्या म्हाताऱ्याचं बोलणं ऐकायला कुणाला वेळ होता? टाळ्या वाजल्या, चहा झाला, लोक पांगले.

पुढे वेधशाळेत माणसं कमी होत गेली. देशाने आपली वेळसुद्धा बदलली. डब्लिनची वेळ लंडनच्या मागे असायची, ती एका रात्रीत लंडनबरोबर केली. भावाचे काटे सरकवले. ताऱ्यांना काही ते कळवलेलं नव्हतं, त्यामुळे माझे काटे राहिले. मग भाऊ शहरातल्या संग्रहालयात गेला, आणि मला लिलावात कुणीतरी बोली लावून पश्चिमेला नेलं. शॅनन आणि गॉलवेच्या मधलं एक लहानसं गाव, गावात एकच मोठा रस्ता, रस्त्यावर चर्च, आणि चर्चसमोर एक पब. त्या पबच्या भिंतीवर मी टांगले गेले.

इथे माझं कौतुक झालं, पण उलट्या कारणासाठी. आयर्लंडात पबच्या घड्याळाची एक रीत आहे. ते मुद्दाम थोडं पुढे ठेवतात. म्हणजे बंद व्हायची वेळ झाली असं दाखवून गिऱ्हाइकांना वेळेत बाहेर काढता येतं. इतर पबांत मालकाला अधूनमधून काटे पुढे करावे लागतात. मला मात्र कुणी पुढे करायला नको. मी आपोआप जाते. मालक खूश. दर रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेहून, मिसाहून, आला की तो स्टुलावर चढून मला किल्ली द्यायचा, आठवड्याची पुढे गेलेली मिनिटं बोटाने मागे ढकलायचा आणि म्हणायचा, "शाब्बास रे लबाडा!"

ज्याच्या ठोक्यावर आकाश मोजलं गेलं, ते मी लबाड ठरले. बापाने मुलाला सांगितलं, मुलाने आपल्या मुलीला सांगितलं. ती मुलगी म्हणजे डिम्फना. आता तीच सत्तरीला आलीय आणि पब चालवते. ती मला 'युअर मॅन' म्हणते. इकडे कुणालाही असंच म्हणतात, आपण 'तो बुवा' म्हणतो ना, तसं. "युअर मॅन आज फारच घाईत आहे," असं ती म्हणाली की सगळा पब हसायचा. मीही हसून घ्यायची. हसणाऱ्या माणसांच्या वर टांगलेलं असणं काही वाईट नसतं.

आणि मग दोन हजार वीसचा मार्च आला.

सेंट पॅट्रिकचा सण दोन दिवसांवर होता. हिरव्या पताका लावून झाल्या होत्या. तेवढ्यात बातमी आली की साथ पसरते आहे, पब बंद करा. डिम्फनाने दार लावलं. पताका तशाच राहिल्या. काही रविवार ती एकटीच खाली येऊन मला किल्ली देत राहिली. मग एका रविवारी किल्ली हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"घरी पाठवायला कुणी नाहीच, तर तू तरी कशाला पळतोस?" म्हणाली, आणि किल्ली खिशात घालून वर गेली.

चार दिवसांनी मी थांबले. घड्याळ थांबतं तेव्हा त्याला दुखत नाही. फक्त आजूबाजूची शांतता अचानक खूप मोठी होते.

पबच्या वर डिम्फनाचं घर, आणि त्याला लागूनच भाडेकरूंचं घर. त्यात नागपूरचं एक कुटुंब राहायचं. उपेंद्र शॅननच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा, आता जेवणाच्या टेबलावरून. त्याची बायको मेधा गॉलवेला श्वास देणाऱ्या यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होती. तिला मात्र रोज गाडीने जावंच लागायचं. आणि उपेंद्रची आई अलकनंदाबाई, जानेवारीत दोन महिन्यांसाठी म्हणून आलेल्या. तिकीट काढलं, रद्द झालं. पुन्हा काढलं, पुन्हा रद्द. सप्टेंबरात तिकडे नागपुरात त्यांचे यजमान पद्माकरराव आजारी पडले, इस्पितळात राहून घरी आले, आणि घरात एकटे. शेजारच्या वासंतीताई दाराशी डबा ठेवून जायच्या. नवरा तिथे, बायको इथे, मधे अर्धी पृथ्वी.

डिम्फना जिन्यात सोडा ब्रेड ठेवायची, अलकनंदाबाई रिकाम्या ताटलीत पोहे भरून परत ठेवायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण ताटली कधी रिकामी फिरली नाही. ऑक्टोबरात एकदा डिम्फना मास्क लावून दाराशी आली.

"उपेन, तू इंजिनियर आहेस ना? नाताळात पब उघडू देतील म्हणतात. तोवर माझा युअर मॅन चालता करून दे. बंद घड्याळाखाली मी पहिला ग्लास भरणार नाही."

"अहो डिम्फना, मी सॉफ्टवेअरवाला आहे."

"सॉफ्ट काय नि हार्ड काय! तू एवढं कर. आणि ते पुढे पळणंसुद्धा बंद कर बाबा. आता लोकांना घाई करायची नाही. आलेल्या माणसाला बसू द्यायचंय."

उपेंद्र आणि मेधाने मला धापा टाकत जिना चढवला आणि समोरच्या खोलीत, चर्चकडे बघणाऱ्या खिडकीशेजारी, टांगलं. उपेंद्रने धूळ काढली, तेलाचा थेंब दिला, लंबकाला बोट लावलं. टक्. किती महिन्यांनी! त्याने फोनमध्ये बघून वेळ लावली. दुसऱ्या दिवशी मी पुढे. त्याने मागे केलं. तिसऱ्या दिवशी पुढे.

"बग आहे याच्यात," तो मेधाला म्हणाला.

"रोज सारखीच मिनिटं पुढे जातं?"

"अगदी सारखीच."

"मग बग शिस्तीचा आहे," मेधा म्हणाली आणि झोपायला गेली. तिची पाळी पहाटेची होती.

तेवढ्यात उपेंद्रच्या ऑफिसात कामाचा डोंगर आला. नट फिरवायचं नाताळाआधी बघू म्हणून त्याने मला तसंच सोडून दिलं. मित्रांनो, शंभर वर्षांत पहिल्यांदा कुणी माझे काटे मागे ढकलले नाहीत. मी माझ्या चालीने चालू लागले.

अलकनंदाबाई दिवसभर माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसायच्या. म्हणायच्या, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं. दिवाळी झाली, कार्तिक लागला. एका संध्याकाळी पाऊस थांबला आणि चर्चच्या कळसावर तो तांदळाचा झुबका चढला. अलकनंदाबाईंनी लगेच नागपूरला फोन लावला.

"अहो, गच्चीवर या ना जरा. कृत्तिका दिसून राहिल्या इथे."

पद्माकरराव हळूहळू पायऱ्या चढले. त्यांचा श्वास फोनमधून मलाही ऐकू आला. "अगं, माझ्या तर डोक्यावर आहेत," ते म्हणाले. "बरोब्बर डोक्यावर. मान मोडेल माझी."

लग्न झाल्यावर पहिल्या कार्तिकात दोघांनी त्याच गच्चीवरून कृत्तिका पाहिल्या होत्या. आज पुन्हा दोघं एकाच वेळी पाहत होते. इकडे कळसावर, तिकडे डोक्यावर. फोन ठेवल्यावर अलकनंदाबाई गुणगुणल्या:

"कृत्तिका बायांनो, चालल्या कुठल्या गावा,
माझ्या कुंकवाला तेवढा निरोप सांगावा."

मग उद्याची वेळ लक्षात राहावी म्हणून त्यांनी कपाळाची लाल टिकली काढली आणि काचेवर, माझ्या तासकाट्याच्या टोकाशी, चिकटवून टाकली. मला लाखेचा लाल थेंब आठवला.

पुढचे कित्येक दिवस ढग. आयर्लंडच ते. पण काटा टिकलीवर आला की त्या फोन लावायच्या, आणि पद्माकरराव गच्चीवरून सांगायचे, "आल्या बघ, डोक्यावर." इकडे पावसाच्या धारा, तरी त्या समाधानाने काचेकडे पाहायच्या. कधीमधी ढग फाटला की कळसावर तोच झुबका. टिकली जागची हलवावी लागली नाही. आजारातून उठलेला माणूस त्या एका फोनसाठी रोज जिना चढत होता, आणि रोज त्याचा श्वास थोडा मोकळा होत होता.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दुपार ढळताना उपेंद्रने पाना आणि हातोडी काढली. डिम्फनाही दाराबाहेर जिन्यात खुर्ची घेऊन बसली, अंतर ठेवून. उपेंद्रने माझी पेटी उघडली, टॉर्च मारला.

"नटावर लाख लावलीय कुणीतरी. खाली गंज आहे. ठोकावं लागेल."

तो नट ठोकला असता तर दांडा वाकला असता, आणि एकदा वाकलेला लंबक पुन्हा ताऱ्यांच्या ठोक्याला लागत नाही.

स्वयंपाकघरातून अलकनंदाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या.

"काय करून राहिला रे तू?"

"अगं, दुरुस्त करतोय. चुकीचं चालतंय ते."

"कोण म्हणतं? त्याला हात लावशील तर खबरदार!"

"आई, आत्ता पाच वाजलेत. हे बघ काय दाखवतंय!"

"मला काय करायचेत तुझे पाच? ढग असले की हेच माझं आकाश आहे. याच्यावर पाहून मी तुझ्या बाबांना गच्चीवर बोलावते. ते रोज येतात. एक दिवस चुकलं नाही."

"आई, योगायोग असेल. तू फोन करतेस तेव्हा ते वर जातात आणि तुला बरं वाटावं म्हणून डोक्यावर आहेत म्हणतात."

अलकनंदाबाईंचा चेहरा उतरला. हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. उपेंद्रही वरमला, पण हातोडी त्याच्या हातात होती, आणि जिन्यात डिम्फना वाट बघत होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. "आज तू फोन करू नकोस. काटा टिकलीवर येईपर्यंत थांबू."

खिडकीबाहेर करड्या ढगाची गोधडी. कळससुद्धा धूसर. काटा सरकत होता. मेधा कामावरून आली, सगळ्यांना गप्प उभं पाहून दारातच थांबली. "काय झालं?" तिने खुणेने विचारलं. डिम्फनाने ओठांवर बोट ठेवलं, मास्कवरूनच. टक्. टक्. मी इतकी वर्षं बोलत आले, पण माझ्याकडे कुणी एवढं कान देऊन ऐकलं नव्हतं, लिनामनंतर.

काटा टिकलीला शिवला.

काही झालं नाही. ढग तसाच. उपेंद्रने हळूच आईकडे पाहिलं. आणि अलकनंदाबाईंच्या पदराखाली फोन वाजला. त्यांनी पिठाच्याच बोटाने तो स्पीकरवर घेतला.

"अगं, आज विसरलीस का?" पद्माकररावांचा आवाज सगळ्या खोलीत घुमला. "मी आपला आधीच येऊन पडलोय गच्चीवर, सतरंजी टाकून. आत्ता आल्या बघ डोक्यावर. आत्ता, या मिनिटाला. तुला दिसत नाहीत का?"

मेधाने खिडकी उघडली. गार वारा आत आला, आणि जणू तोही ऐकत होता असा, कळसावरचा ढग बाजूला सरला. कृत्तिका. ओंजळीतले तांदूळ.

उपेंद्रने हातोडी टेबलावर ठेवली आणि पेटीवर तळवा टेकला. त्याच्या तळव्याला माझा ठोका लागला. मग तो एकदम स्वतःच्या कपाळावर हात मारून हसला.

"मी गाढव आहे! हे पुढे जातच नाही. हे ताऱ्यांची वेळ दाखवतं. शाळेत शिकलोय मी हे!" त्याने डिम्फनाला एका सफरचंदाची पृथ्वी आणि दिव्याचा सूर्य करून सगळं समजावलं.

डिम्फनाने सफरचंदावरून नजर माझ्याकडे वळवली. "म्हणजे हा कधीच चुकला नव्हता?"

"कधीच नाही."

"आणि माझा बाप दर रविवारी, मिसाहून येऊन, आख्खं आकाश मागे ढकलत होता? देवा रे!" ती हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. "आणि आम्ही याला लबाड म्हणत होतो."

त्या नाताळात पब उघडले नाहीत. तो हिवाळा लांबला, पुढचा उन्हाळा तिकडे नागपुरात फार कठीण गेला. पण पद्माकरराव तरले. दोघांनाही लस मिळाली. जुलैत पब उघडले तेव्हा मला पुन्हा खाली नेलं, आणि डिम्फनाने माझ्या शेजारी सेलवरचं एक नवं घड्याळ लावलं. मला पुन्हा एक भाऊ मिळाला. प्लास्टिकचा आहे बिचारा, पण स्वभावाने चांगला. घरी कधी जायचं ते लोक त्याला विचारतात. पहिला ग्लास मात्र डिम्फनाने माझ्याखालीच भरला.

सप्टेंबरात अलकनंदाबाई निघाल्या. हलवाहलवीत माझी चाल मधे थांबली होती, त्यामुळे टिकलीचा आणि ताऱ्यांचा मेळ तुटला होता. त्यांनी टिकली काढली नाही. उपेंद्रकडून डिम्फनाला सांगितलं, "कार्तिकात कृत्तिका कळसावर आल्या, की काटा या टिकलीवर आणून ठेव. मग वर्षभर बघायला नको." डिम्फनाने त्यांना मिठी मारली. दीड वर्षाचं अंतर त्या एका मिठीत भरून काढलं म्हणा.

आणि परवाच ती संध्याकाळ आली. आभाळ निवळलं. डिम्फना दार उघडं टाकून रस्त्यात उभी राहिली, आणि तिच्या मागे ग्लास हातात घेऊन अर्धा पब. "अजून नाही... अजून नाही..." ती म्हणत होती. "आता!" सत्तरीची बाई पळत आत आली, स्टुलावर चढली आणि माझा काटा बोटाने टिकलीवर आणून ठेवला. तिच्या आजोबांनी, बापाने मला रविवारच्या वेळेला लावलं होतं. ताऱ्यांना बघून मला आजवर एकाच माणसाने लावलं होतं. त्याला मोठाले कान होते.

मग तिने नागपूरला फोन लावला. "आल्या का डोक्यावर?" तिने इंग्रजीत विचारलं. पलीकडून दोन आवाज एकदम आले, एक पुरुषाचा, एक बाईचा, एकाच गच्चीवरून.

"आल्या!"

मित्रांनो, तुमच्या घरातही असं कुणीतरी असेल. एखादी वस्तू असेल, एखादं माणूस असेल, जे तुमच्या वेळेला चालत नाही. त्याचे काटे मागे ढकलण्याआधी त्याच्याजवळ एकदा तळवा टेकून बघा. ते कुणासाठी चालतंय, हे त्याला विचारा. आणि एवढं करायला जमलं नाही, तर निदान दर रविवारी न विसरता किल्ली तरी द्या. बाकीचं आम्ही बघून घेतो.

टक्.